उतरत्या पाण्याचा काठ

भाद्रपद सरून आश्विन लागला, की गावाबाहेरच्या तळ्यावर सहज फिरावयास जाणारी माणसेदेखील एक प्रश्न हटकून विचारतात: ही बदके येतात कोठून, आणि एवढा मुलूख मोकळा पडलेला असताना नेमकी ह्याच पाण्यावर का उतरतात? प्रश्नाचे असे दोन भाग आहेत. सायबेरिया, तिबेट, हिमालयावरून उड्डाण हे शब्द कानी पडले, की पहिल्या भागाने विचारणाऱ्याचे समाधान होते आणि दुसऱ्या भागापाशी येईपर्यंत त्याचे लक्ष उडालेले असते. वास्तविक ज्याला काठावर उभे राहून पक्षी पाहावयाचे आहेत त्याच्या कामाचा भाग दुसराच आहे. पाणी पुष्कळ म्हणून पक्षी पुष्कळ, हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे, आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. काठोकाठ भरलेल्या तळ्यावर पौष महिन्यात चार पाणकावळे आणि दोन टिबुकल्या, आणि शेजारच्या गावी अर्धे आटलेल्या, चिखलाने भरलेल्या, कोणी ढुंकूनही न पाहणाऱ्या डबक्यावर चार-पाचशे पक्षी, हे दृश्य दर हिवाळ्यात कोठे ना कोठे दिसते. त्याचा उलगडा करणे हा ह्या प्रकरणाचा मुख्य विषय आहे. परंतु पाहुणे कोण आणि कोठले, हे आधी सांगणे क्रमप्राप्त आहे.

१. कायम रहिवासी, फिरस्ते आणि सरहद्दीपलीकडचे

हिवाळ्यात तळ्यावर दिसणारा प्रत्येक पक्षी परदेशी असतो असे नाही. टिबुकली, टिटवी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक ही मंडळी बारा महिने येथलीच. पाऊसपाण्याप्रमाणे ह्या तळ्यावरून त्या तळ्यावर जातील, एवढेच. दुसरा वर्ग देशातल्या देशात हिंडणाऱ्या फिरस्त्यांचा. चित्रबलाक, मुग्धबलाक, चमच्या आणि ज्याला आपण रोहित किंवा अग्निपंख म्हणतो तो पक्षी ह्या वर्गातला. वृत्तपत्रांतून दर वर्षी रोहिताचे छायाचित्र 'परदेशी पाहुण्यांचे आगमन' अशा मथळ्याखाली छापून येते. परंतु आपल्याकडे उतरणाऱ्या रोहितांचे मोठे सूतिकागृह कच्छच्या रणात आहे, आणि तेथून आलेल्या पक्ष्याला परदेशी ठरविण्याचे कारण नाही. तिसरा वर्ग खरोखरच सरहद्दीपलीकडून येणारा: पसरट चोचीचा थापट्या, टोकदार शेपटीचा तलवार बदक, लहानखुरा चक्रांग, भुवई बदक, नारिंगी-बदामी रंगाचा चक्रवाक, डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा पट्टकादंब हंस, आणि काठावर तुरुतुरु धावणारे धोबी, तुतवार, टिलवे व पाणटिवळे.

ह्यांना पाहुणे म्हणण्याची चाल रूढ आहे, पण हिशेब करून पाहावा. ठिपकेदार तुतवार श्रावणाच्या सुमारास आपल्याकडे येतो आणि चैत्र-वैशाखापर्यंत राहतो, म्हणजे वर्षाचे आठ महिने त्याचा मुक्काम दक्षिणेकडे. उत्तरेत जाऊन अंडी घालून पिले वाढविण्यास त्याला दोन-तीन महिने पुरतात. ज्याचा संसार तेथे आणि वहिवाट येथे, त्याचे गाव कोणते म्हणावे, हा प्रश्न महसूल कचेरीतल्या एखाद्या अनुभवी कारकुनालाही सहज सुटणारा नाही.

उत्तर सोडण्याचे कारण थंडी, असे आपण म्हणतो. त्यात थोडी दुरुस्ती हवी. बदकाच्या अंगावरील बाहेरची पिसे तेलकट व पाणी न शिरणारी असतात आणि त्यांच्याखाली मऊ लोकरीसारख्या बारीक पिसांचा दाट थर असतो. नुसत्या गारठ्याला ते भिणारे नव्हे. त्याची अडचण पोटाची आहे. सरोवर गोठले आणि चिखल दगडासारखा झाला, की चोच कितीही चांगली असली तरी तिचा उपयोग उरत नाही. परंतु पाणी गोठेपर्यंत थांबणाऱ्याला प्रवासाची तयारी करण्यास वेळच मिळणार नाही, म्हणून निसर्गाने त्याच्या शरीरात वेगळी तजवीज करून ठेवली आहे. हवामान एखाद्या वर्षी लवकर बिघडते, एखाद्या वर्षी उशिरा. दिवसाची लांबी मात्र कधी फसवीत नाही. दिवस लहान होऊ लागला, की पक्ष्याच्या मेंदूला ते कळते, शरीरातील अंतःस्राव पालटतात, भूक वाढते, कातडीखाली चरबी साठू लागते आणि एक प्रकारची अस्वस्थता येते. पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा ह्या हंगामात रात्री फडफडत राहतात, आणि बहुधा ज्या दिशेला त्यांना जावयाचे असते त्याच बाजूला तोंड करून.

२. पत्ता कसा लागला

पक्षी कोठून आला, हे त्याला विचारता येत नाही. पण त्याच्या पायात नाव-गाव लिहिलेले कडे चढविता येते. हलक्या धातूच्या कड्यावर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता कोरलेला असतो, पक्षी सोडून दिला जातो, आणि तो पुन्हा कोठे सापडला तर सापडविणारा कळवितो, एवढीच ही रीत. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते १९५९ च्या सुमारास, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडून, डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली. आणि त्यामागचे निमित्त पक्षिप्रेमाचे नव्हते. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. त्या रोगाचे विषाणू सायबेरियातील एका रोगाच्या विषाणूंशी नाते सांगणारे निघाले, तेव्हा पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून ते येथवर आले की काय, अशी शंका जागतिक आरोग्य संघटनेला आली. शंकेपायी पैसा मिळाला, आणि त्या पैशातून हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी चढली. रोगाचे खापर पक्ष्यांवर फुटले नाही. पण भरतपूरला कडी घातलेली बदके सायबेरियात आणि कझाकस्तानात सापडल्याचे दाखले मिळाले, आणि पत्त्याचा प्रश्न प्रथमच कागदोपत्री सुटू लागला.

आता पाठीवर बसविता येणाऱ्या लहानशा यंत्रामुळे पक्ष्याची वाटसुद्धा कळते. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर पिले वाढविणारा पट्टकादंब हिमालय ओलांडतो, तेव्हा तो किती उंचीवरून जातो, ह्याविषयी पूर्वी पुष्कळ दंतकथा होत्या. यंत्रांनी नोंदविलेली कमाल उंची सुमारे ७,२९० मीटर निघाली. एवढ्या विरळ हवेत श्वास पुरावा म्हणून ह्या हंसाच्या रक्तातील तांबडे द्रव्य इतर हंसांच्या मानाने प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. शिवाय तो बहुतेक मजल रात्री आणि पहाटे मारतो, कारण थंड हवा दाट असते आणि दाट हवेत पंखाला जोर मिळतो. वाऱ्याची मदत घेऊन तो वर जात असावा, हा पूर्वीचा तर्कही त्यामुळे मागे पडला.

३. पोळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत

पक्षी पाहणारे बहुतेक लोक दिवाळीचा फराळ आटोपल्यावर दुर्बीण बाहेर काढतात. तोवर हंगामाचा निम्मा अंक होऊन गेलेला असतो. सर्वांत आधी येतो तो तुतवार. पोळ्याच्या दिवशी बैल धुण्यास तळ्यावर जावे, तर एखाद्या दगडावर शेपटीकडचा भाग सारखा वरखाली हलविणारा, राखी-तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा एकटा पक्षी हमखास दिसावा. तो कालपरवाच दोन-तीन हजार मैल तोडून आलेला आहे, हे त्याच्या वागण्यावरून मुळीच कळत नाही. गणपती उठता उठता धोबी येतात आणि थोड्याच दिवसांत शेतांतून, बांधांवरून, एवढेच नव्हे तर शाळेच्या मैदानातूनही दिसू लागतात. बदकांत भुवई बदक घाईचा, तो सप्टेंबरातच हजर. थापट्या, तलवार आणि चक्रांग यांचे थवे ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढत जातात, आणि पट्टकादंबाची वाट मार्गशीर्ष-पौषापर्यंत पाहावी लागते.

ह्या क्रमात एक मोठी नवलाची गोष्ट दडलेली आहे. काठावरच्या पुष्कळ चिखलपक्ष्यांत मोठे पक्षी आधी निघून येतात आणि त्या वर्षी जन्मलेली पिले काही आठवड्यांनी, वडीलधाऱ्यांवाचून, ज्या वाटेने ती कधी गेलेली नाहीत त्या वाटेने एकटी येतात. ऑगस्टात दिसणाऱ्या तुतवारांची पिसे झिजलेली, कडा फाटलेल्या. सप्टेंबरअखेरच्या थव्यांत मात्र पाठीवरील प्रत्येक पिसाला फिकट पिवळसर किनार असलेले, नवेकोरे दिसणारे पक्षी अधिक. दुर्बिणीतून ही किनार दिसली, तर आपण आयुष्यातला पहिला प्रवास संपविलेल्या पक्ष्याकडे पाहत आहो, असे खुशाल समजावे.

४. परात आणि घागर

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाणपक्षी हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण पाण्याशी प्रत्येकाचा करार वेगळा असतो आणि तो करार पाय, मान व चोच यांच्या लांबीने ठरलेला असतो. चिमणीएवढ्या टिलव्याचे पाय दोन-तीन सेंटीमीटर. त्याला ओल्या चिखलाचा काठ आणि फार तर बोटभर पाणी हवे. शेकाट्याचे तांबडे पाय वीतभर, तो पंधरा-सोळा सेंटीमीटर पाण्यातून आरामात चालतो. चक्रांग तरंगत राहून डोके बुडवितो, किंवा शेपटी आभाळाकडे करून उलटा होतो. तरी त्याची मान आखूड, वीतभर खोलीपलीकडचे त्याला मिळत नाही. तलवार बदकाची मान लांब, तो उलटा झाला की तीस सेंटीमीटरपर्यंतचा तळ चाचपतो. त्याहून खोल पाणी सूर मारणाऱ्यांचे: टिबुकली, वारकरी, लालसरी.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, तळ्याचा तळ इतका मंद उतरता आहे, की काठापासून एक मीटर आत गेले की खोली दोन सेंटीमीटरने वाढते. मग टिलव्याचा पट्टा पहिल्या दीड मीटरचा. शेकाट्याचा काठापासून आठ मीटरपर्यंत. चक्रांगाचा दहा मीटरपर्यंत. तलवार बदकाचा पंधरा मीटरपर्यंत. काठाची लांबी दोनशे मीटर धरली, तर शेकाट्याला सोळाशे चौरस मीटर शिवार मिळाले. आता तेच तळे सुशोभित करावे म्हणून कोणी काठाला पंचेचाळीस अंशांत दगडी पिचिंग केले आहे, असे समजा. सोळा सेंटीमीटर खोली आता काठापासून सोळा सेंटीमीटरवरच आली. शेकाट्याचे शिवार बत्तीस चौरस मीटरवर आले, तेही दगडांचे. आणि टिलव्याला उभे राहण्यास जागाच नाही. पाण्याचा साठा तोच राहिला, कदाचित वाढलाही. घागरीत आणि परातीत सारखेच पाणी मावले तरी ज्याला केवळ बोट बुडविता येते त्याचे काम परातीतच होते. शहराशहरांतून तळ्यांभोवती दगडी कठडे, फरसबंदी आणि रंगीत दिवे बसले, आणि नंतर पक्षी का येत नाहीत म्हणून चौकश्या झाल्या. त्या चौकश्यांचे उत्तर वरच्या त्रैराशिकात आहे. जुन्या लोकांना हे गणित माहीत होते, असा दावा मी करणार नाही, पण त्यांच्या तळ्यांचा आकार पक्ष्यांना मानवणारा होता खरा. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव, गोंड राजांच्या आमदानीत कोहळी समाजाने धानासाठी बांधलेले, एका बाजूला पाळ आणि बाकीच्या बाजूंनी जमिनीत हळूच मिसळणारे आहेत. त्यांतल्याच नवेगाव बांधच्या पक्ष्यांवर मारुती चितमपल्लींसारखा लेखक वर्षानुवर्षे लिहू शकला, त्यात त्या उताराचाही वाटा आहे.

परंतु मंद उतार असूनही काम भागत नाही. पाणी खाली जात राहिले पाहिजे. ह्याचे कारण चिखलाच्या पोटात आहे. तळ्याच्या गाळात डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या तांबड्या अळ्या, बारीक गोगलगायी, कृमी आणि पाणवनस्पतींचे बी असंख्य असते. पाणी वर असताना ह्यांतले बहुतेक धन काठावरच्या पक्ष्याच्या आवाक्याबाहेर असते. पाणी उतरून जागा उघडी पडली, की ते आवाक्यात येते, पण थोड्याच मुदतीपुरते; ऊन लागून वरचा थर सुकला, भेगा पडल्या, की अळ्या मरतात किंवा खोल जातात, आणि चोच आत शिरेनाशी होते. म्हणजे मेजवानी असते ती फक्त कालपरवा उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्यावर. वरच्या उदाहरणात पाणी रोज एक सेंटीमीटर उतरले, तर काठ रोज अर्धा मीटर आत सरकतो आणि दोनशे मीटर लांबीवर शंभर चौरस मीटर नवा चिखल दररोज वाढून ठेवला जातो. पाणी स्थिर राहिले तर तोच पट्टा आठ-दहा दिवसांत वेचून रिकामा होतो. काठोकाठ भरलेल्या आणि तसेच ठेवलेल्या तळ्यावर शुकशुकाट असतो, तो ह्यामुळे.

हे जवळून पाहावयाचे असेल तर पाणलाव्यावर डोळा ठेवावा. लव्हाळ्याच्या कडेला, जेथे चिखल लोण्यासारखा मऊ असतो तेथे, सुकल्या गवताच्या रंगाचा हा पक्षी उभा असतो आणि हलल्यावाचून दिसत नाही. सहा-सात सेंटीमीटरची सरळ चोच तो शिवणयंत्राच्या सुईगत झपझप खालीवर करतो, कधी कधी पार डोळ्यांपर्यंत रुतवितो, आणि मधूनच चोच बाहेर न काढता गिळल्यासारखे करतो. त्याच्या चोचीचे टोक संवेदनशील असते आणि चोच मिटलेली ठेवून नुसते टोकच उघडता येते, त्यामुळे चिखलाच्या आत अळी सापडली की ती तेथेच पकडून वर ओढली जाते. जमीन जरा कडक झाली की हे सारे कसब व्यर्थ. म्हणून दुसऱ्या आठवड्यात पाणलावा त्या जागी शोधू नये, पाण्याबरोबर पुढे सरकून शोधावा. थापट्याची गोष्ट निराळी. त्याच्या पसरट चोचीच्या आतल्या कडांना बारीक दातऱ्यांची फणी असते. पाणी आत घेऊन कडेने बाहेर सोडले, की सूक्ष्म जीव आणि बी फणीत अडकून राहते. पाच-पन्नास थापटे एकामागे एक गोल फिरत पोहताना दिसले, तर तो खेळ समजू नये. पुढच्याच्या पायांनी ढवळलेले पाणी मागचा गाळीत असतो.

५. आश्विनातले तपकिरी कोडे

नवशिक्याला पहिल्या हंगामात हमखास येणारी निराशा म्हणजे चित्रातल्यासारखे बदक दिसत नाही. पुस्तकात थापट्याचे डोके चमकदार हिरवे, कुशी तांबूस. तळ्यावर मात्र सारीच बदके मळक्या तपकिरी रंगाची. दोष पुस्तकाचा नाही, तारखेचा आहे. बदके आपल्या उड्डाणाची पिसे एकेक करून न टाकता एकदम टाकतात, आणि मग तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा असहाय दिवसांत भडक पोशाख जिवावर बेतावयाचा, म्हणून नर तेवढ्यापुरता मादीसारखा साधा वेष धारण करतो. हे सारे उत्तरेत, उन्हाळ्यात घडते. परंतु साधा वेष अंगावर असतानाच नर आपल्याकडे येऊन पोहोचतात आणि येथे सावकाश पालटतात. तलवार आणि चक्रांग मार्गशीर्षापर्यंत बरेचसे सजतात, थापट्याला पौष-माघ उजाडतो, आणि भुवई बदकाचा नर तर त्याची ती पांढरी भुवई पुष्कळदा फेब्रुवारीशिवाय दाखवीत नाही.

तोवर काय करावे? रंग सोडून आकारावर जावे, कारण चोच आणि मान वेष पालटीत नाहीत. पसरट फावड्यासारखी चोच, ती डोक्याहून लांब दिसते: थापट्या. बारीक लांब मान, करडी चोच, मागे टोक: तलवार. अगदी लहान, आखूड मानेचा, उडताना पंखावर हिरवी चमक: चक्रांग. उडताना पंखाच्या पुढच्या भागावर निळसर राखी रंग दिसला, तर थापट्या किंवा भुवई. मग चोच पाहून निवाडा करावा. चक्रवाकाला ओळखण्यास कोणाला शिकवावे लागत नाही. रात्री जोडी विभक्त होते आणि नदीच्या दोन तीरांवरून विलाप करते, हा संस्कृत कवींचा संकेत. चक्रवाक रात्रीही चरावयास जातात आणि एकमेकांना साद घालतात, एवढे मात्र खरे.

६. दोन जलाशय

आतापर्यंतचे विवेचन दोन ठिकाणी ताडून पाहता येते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी अंमलात एक दगडी बंधारा घातला गेला. हेतू शेतीचा, कालव्यांना पाणी वळविण्याचा. पक्ष्यांचा विचार कोणाच्या दप्तरात नव्हता. पण दोन नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणकणीस आणि लव्हाळा माजला. बंधाऱ्याच्या दृष्टीने हा ऱ्हास होता; पक्ष्यांच्या दृष्टीने नांदूर मधमेश्वर तेव्हा तयार झाले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद जाहीर झाली. १९७१ च्या २ फेब्रुवारीस इराणातील रामसर गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी जो करार झाला, त्याच्या यादीत हे १,४३७ हेक्टर क्षेत्र आले. चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहताना वारकऱ्यांची काळी गर्दी, जांभळ्या पाणकोंबड्या, गवतालगत घिरट्या घालणारा दलदली भोवत्या आणि त्याची सावली पडताच एकदम उठणारी बदके, हे सारे एका दृष्टिक्षेपात येते. पाणी सोडले की पातळी उतरते, हा साठवणीच्या धरणाचा व्यवहार तेथे उलटा आहे, हे मात्र ध्यानी ठेवावे. हा बंधारा वरच्या धरणांतून आलेले पाणी अडवून कालव्यात ढकलणारा; त्यामुळे वरून आवर्तन, म्हणजे पाळीचे पाणी, सुटले की येथली पातळी चढते आणि चिखल बुडतो, आवर्तन संपले की उतरते.

दुसरे ठिकाण भीमेवरील उजनी. धरण १९८० मध्ये पुरे झाले, आणि इंदापूर तालुक्यातील भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ह्या गावांच्या शिवारात पाणी शिरले. पावसाळ्याअखेर हा जलाशय तुडुंब असतो, तेव्हा रोहितांसाठी गेलेला मनुष्य रिकाम्या डोळ्यांनी परततो. रब्बीची आवर्तने सुटू लागली, पाणी मागे हटले, बुडालेल्या शेतांचे सपाट तळ उथळ पाण्याखाली आले, की मग रोहितांचे थवे उतरतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेले राहते त्या वर्षी तेही उशिरा येतात. पळसदेवचे पाण्याखाली गेलेले पुरातन मंदिर पाणी फारच ओसरले की उघडे पडते. हटणाऱ्या पाण्यामागून शेतकरीही येतो. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीला आपल्याकडे गाळपेर म्हणतात. ती पाटबंधारे खात्याकडून मुदतीने कसावयास मिळते, आणि हरभरा, गहू किंवा कलिंगड तेथे ओलीवर पिकते. पक्षी आणि शेतकरी एकाच पट्ट्यावर हक्क सांगतात, असे वरवर दिसते; प्रत्यक्षात पक्ष्याला पहिले काही दिवस हवे असतात, शेतकऱ्याला त्यानंतरचे. तंटा होतो तो मोटार लावून पाणी वेळेआधी उपसले, किंवा जाळी पसरली, की.

७. उभे कोठे राहावे

सकाळी पूर्वेच्या बांधावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या बांधावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. उलट बाजूने पाहिले तर चकाकणाऱ्या पाण्यावर प्रत्येक बदक काळी आकृती होते. कपडे मातकट असावेत, आणि बांधाच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहू नये. चार पावले उतरून बाभळीच्या आडोशाला बसावे.

दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल हे सांगतो: दोनशे मीटरवरील बदक पंचवीस मीटरवर असल्यासारखे दिसेल. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की पाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास. भर उन्हात बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा एवढ्या झोताची गरज नसते. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली विस्फारते, तेव्हा तो कामी येतो. बारा किंवा सोळा पटींच्या दुर्बिणीचा मोह नवशिक्याने टाळावा, कारण पटींबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो.

थवा मोजताना एकेक पक्षी मोजू लागलात तर पन्नासापाशी थवा उडेल. आधी दहा मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्यावे, तेवढेच पाच घास जोडून पन्नासाचा एक तुकडा ठरवावा आणि तो तुकडा थव्यावर किती वेळा बसतो ते पाहावे. बारा वेळा बसला तर वहीत 'सुमारे ६००' लिहावे. ५९७ लिहिणाऱ्याचा विश्वास धरू नये. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, तिच्यातही हीच रीत चालते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा, २०२० पासून पाळला जातो. नवी वही सुरू करण्यास तो मुहूर्त बरा.

वहीत तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव आणि संख्या सारेच लिहितात. त्यांत एक रकाना वाढवावा: पाण्याची पातळी. त्यासाठी काही उपकरण लागत नाही. सांडव्याच्या भिंतीवरील दगडांचे थर मोजावेत, किंवा काठावरचा एखादा न हलणारा धोंडा ठरवून त्याच्यापासून पाणी किती पावले दूर गेले ते लिहावे. दोन हंगाम हा रकाना भरला, की आपल्या तळ्यावर शेकाटे कोणत्या थराला येतात, पाणटिवळे कोणत्या, हे दिसू लागते. आणि मग कालव्यावरच्या पाटकऱ्याची ओळख ठेवावी. रब्बीचे आवर्तन कोणत्या तारखेला सुटणार आणि किती दिवस चालणार, हे त्याला खात्याच्या फलकाआधी माहीत असते. धरणाच्या मागचे पाणी असेल तर आवर्तन सुटल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी पहाटे जावे, आणि नांदूरसारखा वळवणीचा बंधारा असेल तर ते बंद झाल्यावर.